ॲबाचा 'द व्हिजिटर्स': चाहत्यांचं कधीच एकमत न झालेल्या अल्बमबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ॲबा हा स्वीडिश पॉप बँड म्हटलं की बहुतेकांना 'डान्सिंग क्वीन' आठवतं, फार तर 'मनी, मनी, मनी'. पण ॲबाचे जुने चाहते एकत्र आले की गाडी हमखास 'द व्हिजिटर्स'वर येते आणि तिथेच अडकते. काहींच्या मते ॲबाने याहून चांगलं काहीच केलं नाही. काहींना तो एका बैठकीत पूर्ण ऐकवत नाही. मी पहिल्या बाजूचा आहे, हे आधीच सांगून टाकतो. पण दुसऱ्या बाजूचे काही आक्षेप मला रास्त वाटतात, तेही जागोजागी येतील.

हा अल्बम नेमका कधीचा?

30 नोव्हेंबर 1981 रोजी स्वीडनमध्ये पोलर म्युझिक कंपनीने काढलेला ॲबाचा आठवा स्टुडिओ अल्बम. स्टॉकहोममधल्या त्यांच्या स्वतःच्या पोलर स्टुडिओत मार्च ते नोव्हेंबर 1981 या काळात तो तयार झाला. गाणी फक्त नऊ. गाणाऱ्या ॲग्नेथा आणि फ्रिडा, संगीत बेनी अँडरसन आणि ब्यॉर्न उल्वेउस यांचं, ध्वनिमुद्रणाला नेहमीप्रमाणे मायकेल ट्रेटो. यानंतरचा स्टुडिओ अल्बम, 'व्हॉयेज', यायला नोव्हेंबर 2021 उजाडलं. चाळीस वर्षं हाच त्यांचा शेवटचा अल्बम होता.

ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलेला अल्बम दुर्लक्षित कसा?

त्या वेळी तो दुर्लक्षित नव्हताच. ब्रिटनमध्ये तो तीन आठवडे पहिल्या क्रमांकावर होता. पण आदल्याच वर्षीचा 'सुपर ट्रूपर' तिथे नऊ आठवडे टिकला होता. 'वन ऑफ अस' हे गाणं तिसऱ्या क्रमांकापर्यंत चढलं आणि पुढचं 'हेड ओव्हर हील्स' पंचविसाव्यावरच थांबलं. 1975 पासून ओळीने अठरा गाणी पहिल्या दहांत नेणाऱ्या बँडची साखळी तिथे तुटली. अमेरिकेत अल्बम 29व्या क्रमांकाच्या वर गेला नाही.

खरं दुर्लक्ष पुढे झालं. 1992 मध्ये 'ॲबा गोल्ड' हा निवडक गाण्यांचा संग्रह आला आणि जगभर तुफान खपला. त्यानंतरच्या दोन पिढ्यांसाठी ॲबा म्हणजे त्या संग्रहातली एकोणीस गाणी. त्यात 'द व्हिजिटर्स'मधलं फक्त एक आहे, 'वन ऑफ अस'. शीर्षकगीत पुढच्या वर्षीच्या 'मोअर ॲबा गोल्ड'मध्ये आलं, पण दुसरा भाग पहिल्याइतका घरोघरी पोचत नाही. या अल्बमचं नाव निघाल्यावर अनेक जण 'हा कुठला?' असं विचारतात, त्याचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे असं मला वाटतं.

चाहत्यांचं भांडण नक्की कशावरून आहे?

वरवर पाहिलं तर एका-एका गाण्यावरून. खोलात गेलं तर ॲबाकडून कुणाला काय हवं होतं, यावरून. ज्यांनी 'वॉटर्लू' किंवा 'व्हूले-व्हू'वर पाय थिरकवले, त्यांना इथे नाचायला जेमतेम एखादं गाणं मिळतं. ज्यांना 'नोईंग मी, नोईंग यू' किंवा 'द विनर टेक्स इट ऑल' मधली ॲबा प्रिय आहे, त्यांना वाटतं, बँड जिकडे निघाला होता तिथे अखेर पोचला. 'मामा मिया!'मुळे ॲबाकडे वळलेले यातली दोन-तीन गाणी चित्रपटामुळे ओळखतात आणि बाकीच्या गाण्यांपाशी बुचकळ्यात पडतात.

हा 'घटस्फोटाचा अल्बम' आहे ना?

हा शिक्का या अल्बमवर इतका घट्ट बसला आहे की तो पुसायला जागा लागणार.

घटना खऱ्या आहेत. ब्यॉर्न आणि ॲग्नेथा 1978 च्या अखेरीस वेगळे झाले होते. बेनी आणि फ्रिडाने फेब्रुवारी 1981 मध्ये वेगळं होत असल्याचं जाहीर केलं आणि पुढच्याच महिन्यात या अल्बमचं काम सुरू झालं. सुरुवातीच्या गाण्यांत एक होतं 'व्हेन ऑल इज सेड अँड डन'. दोघांनी शांतपणे, कुणालाही दोष न देता निरोप घ्यायचा, असं ते गाणं. शब्द ब्यॉर्नचे, गायली फ्रिडा आणि चालीत बेनीचाही हात. म्हणजे ज्याच्याशी काडीमोड झाला त्यानेच बांधलेल्या चालीवर ती स्वतःच्या लग्नाच्या शेवटाबद्दल गाते आहे. ते ऐकताना अंगावर काटा येतो, नाकारणार नाही. पण काटा येतो तो गोष्ट माहीत असल्यामुळे की गाण्यामुळे? फ्रिडा एकदाही रडवेला सूर लावत नाही. ताल सरळ चालत राहतो, आवाज उंच जातो तेव्हाही मोकळा राहतो. गाण्याची ताकद या ताठ कण्यात आहे. बेनी-फ्रिडाचं नावही न ऐकलेल्या माणसालाही ती जाणवते.

आता नऊही गाणी मोजून पाहा. संसार मोडल्याबद्दलची फक्त दोन: हे आणि 'वन ऑफ अस'. 'हेड ओव्हर हील्स' म्हणजे धावपळ करणाऱ्या एका उत्साही बाईचं रेखाचित्र. 'सोल्जर्स' युद्धाबद्दल. 'आय लेट द म्युझिक स्पीक' संगीताबद्दलच. 'स्लिपिंग थ्रू माय फिंगर्स' मुलीबद्दल. 'टू फॉर द प्राइस ऑफ वन' हा निव्वळ विनोद. शीर्षकगीत राजकीय भीतीबद्दल. शेवटचं गाणं म्हातारपणी खोलीत एकटं बसण्याबद्दल. यांना एकत्र बांधणारं सूत्र शोधायचंच असेल तर ते वाट पाहण्याचं आहे. दारावरच्या टकटकीची, युद्धाची, मूल मोठं होण्याची, वेळ सरण्याची. घटस्फोटाच्या गोष्टीने हा अल्बम विकायला मदत केली असेल, ऐकायला मात्र केली नाही. लोक कहाणी ऐकतात आणि रचना निसटते, ही माझी खरी तक्रार आहे.

शीर्षकगीतातले 'पाहुणे' कोण?

अल्बम आला तेव्हा ब्यॉर्नने अर्थ मुद्दाम मोघम ठेवला होता. पुढे त्याने सांगितलं की हे गाणं सोव्हिएत संघातल्या विरोधी मताच्या माणसांबद्दल आहे. घरात गुपचूप जमायचं, हळू आवाजात बोलायचं, आणि एक दिवस दार वाजणार हे धरूनच जगायचं.

ते वर्ष आठवा. 27 ऑक्टोबर 1981 रोजी सोव्हिएत पाणबुडी यू-137 स्वीडनच्या कार्ल्सक्रोना नौदल तळाजवळ खडकावर अडकली आणि अख्खा देश रेडिओला कान लावून बसला. अल्बम दुकानांत आल्यावर दोनच आठवड्यांनी, 13 डिसेंबरला, पोलंडमध्ये लष्करी कायदा लागू झाला. गाणं या घटनांवर बेतलेलं नाही, पण पहिल्यांदा ते ऐकणाऱ्या युरोपीय माणसाच्या आसपासची हवा ही होती.

आणि ही हवा गाण्याच्या रचनेत ऐकू येते. सुरुवातीला सिंथेसायझरचा एकच सूर खाली धरून ठेवलेला, तंबोऱ्यासारखा. त्यावर फ्रिडाचा आवाज यंत्रातून गाळून घेतल्यासारखा, वळणं घेत, जवळजवळ आलापीच्या चालीने सरकतो. आपल्या कानाला ही सुरुवात लगेच ओळखीची वाटते. खोलीत बाई एकटी आहे, कान दाराकडे. मग ध्रुवपदात ढोल-तालाचा धबधबा कोसळतो. वरकरणी ती अल्बममधली सगळ्यात नाचरी जागा. पण शब्द नीट ऐकले तर कळतं की बाईचा धीर नेमका तिथेच सुटलेला आहे. भीतीला नाचाचा ठेका देणं ही बेनी-ब्यॉर्नची सगळ्यात धाडसी चाल, आणि पावणेसहा मिनिटांत ती कुठेही सैल पडत नाही.

काही जण म्हणतात या अल्बमचा 'आवाजच थंड' आहे. खरं का?

थोडं खरं आहे. पहिली तीन गाणी नेहमीच्या ॲनालॉग टेपवर सुरू झाली. मग पोलर स्टुडिओत थ्रीएम कंपनीचं 32 ट्रॅकचं डिजिटल यंत्र आलं आणि उरलेलं काम त्यावर झालं. पूर्वी एकावर एक थर चढवले की टेपची सळसळ वाढायची. नव्या यंत्रावर ती नव्हती. सळसळ गेली, तशी तिच्यासोबत येणारी ऊबही गेली, असं अनेकांना वाटतं. जुन्या ॲबाच्या गाण्यांत सगळे आवाज एका दाट भिंतीसारखे येतात. इथे प्रत्येक वाद्य सुटं दिसतं, मधली रिकामी जागाही दिसते.

माझ्या मते या गाण्यांना ती रिकामी जागाच हवी होती. शेवटच्या गाण्यात घड्याळाची टिकटिक आणि फ्रिडाचा श्वास यांच्यामध्ये टेपची सळसळ असती तर गाणं उभंच राहिलं नसतं. मात्र 'हेड ओव्हर हील्स'च्या बाबतीत आक्षेप मान्य. त्याला 'सुपर ट्रूपर'च्या काळातला भरघोस आवाज शोभला असता.

पुढची गंमत अशी की याच स्वच्छ ध्वनिमुद्रणामुळे अल्बमला तांत्रिक इतिहासात जागा मिळाली. जर्मनीत हानोव्हरजवळच्या लांगेनहागेन कारखान्यात ऑगस्ट 1982 मध्ये ज्या अगदी पहिल्या सीडी तयार झाल्या, त्यांत 'द व्हिजिटर्स' होता.

'टू फॉर द प्राइस ऑफ वन' एवढं नावडतं का?

कारण ते चुकीच्या जागी आहे. रेल्वे स्टेशनवर साफसफाई करणारा एक एकटा माणूस वर्तमानपत्रातली छोटी जाहिरात वाचून दोन बायकांशी सूत जमवायला निघतो आणि त्यातली एक दुसरीची आई निघते. गाणारा ब्यॉर्न, शेवट बँडबाजाच्या तालावर. रंगमंचावर हे खपून जातं. एप्रिल 1981 मध्ये अमेरिकन निवेदक डिक कॅव्हेटसोबतच्या टीव्ही कार्यक्रमात ॲबाने ते प्रेक्षकांसमोर गायलं होतं, आणि तिथे ते खरंच खुलतं. अल्बमवर मात्र ते 'वन ऑफ अस' आणि 'स्लिपिंग थ्रू माय फिंगर्स' यांच्या मधोमध बसलंय. दोन्हीकडे गळा दाटून येईल अशी गाणी आणि मध्ये हा विनोद. ते गाळून ऐकणाऱ्यांना मी दोष देत नाही.

त्याचे समर्थक म्हणतात, एवढ्या गंभीर अल्बमला श्वास घ्यायला खिडकी हवीच. हवी, पण 'हेड ओव्हर हील्स'ने ती आधीच उघडलेली आहे.

'सोल्जर्स'बद्दल कुणीच का बोलत नाही?

तबकडीच्या पहिल्या बाजूच्या शेवटी असल्यामुळे आणि कुठल्याच देशात गाजलं नसल्यामुळे. ड्रमचा ठोका अपेक्षित जागी न पडता लष्करी चालीला ठेच लागल्यासारखा पडतो. दोघी एकत्र गातात, आणि दोघींचे आवाज मिसळून होणारा तो तिसरा आवाज या अल्बमवर इतका भरभरून इतरत्र कमीच ऐकू येतो. हेडफोन लावून एकदा फक्त त्यासाठी ऐका.

'आय लेट द म्युझिक स्पीक' फार नाटकी आहे का?

आहे. ते नाटकासारखंच बांधलंय. बेनी आणि ब्यॉर्न तेव्हाच संगीत नाटकाचा विचार करत होते, आणि गीतकार टिम राइससोबतचं त्यांचं 'चेस' 1984 मध्ये अल्बमरूपात आलं. या गाण्यात त्याची तालीम ऐकू येते. तीन मिनिटांचं पॉप गाणं हवं असणाऱ्यांना ते लांबण लावल्यासारखं वाटतं. आमच्या नाट्यसंगीतावर वाढलेल्या कानाला त्यात अडखळायला होत नाही. ठेका बदलला, लय सावकाश झाली, गाणारी पुढे आली आणि ऑर्केस्ट्रा मागे सरला, तर आपण सवयीने सरसावून बसतो.

शेवटच्या दोन गाण्यांवर मात्र सगळे एकमत कसे?

सगळे नाही, पण जवळजवळ. 'स्लिपिंग थ्रू माय फिंगर्स' ब्यॉर्नने मुलगी लिंडा शाळेला निघाली असताना सुचलेल्या भावनेतून लिहिलं. लिंडा तेव्हा सात-आठ वर्षांची. गायलं लिंडाच्या आईने, ॲग्नेथाने. दप्तर घेऊन मुलगी निघते, हात हलवते, आई मोकळ्या घरात मागे राहते. एवढंच. मुलांसोबत जे-जे करू म्हटलं आणि राहून गेलं, त्याची टोचणी त्यात आहे. 2008 च्या 'मामा मिया!' चित्रपटात मेरिल स्ट्रीप मुलीला लग्नासाठी तयार करताना हे गाते. तो प्रसंग चांगलाच आहे, पण त्यामुळे अनेकांना हे लग्नाचं गाणं वाटतं. मूळ गाणं रोजच्या सकाळचं आहे आणि म्हणून जास्त लागतं. लग्न एकदाच होतं, शाळेची सकाळ रोज होते.

'लाइक अन एंजल पासिंग थ्रू माय रूम' मध्ये ॲबाच्या एरवीच्या पद्धतीतलं काहीही नाही. दुसरा आवाज नाही, ड्रम नाही, गिटार नाही. फक्त फ्रिडा, सिंथेसायझर आणि टिकटिक. ॲबाच्या गाण्यांत एकाच गळ्याने पूर्ण गायलेलं हे एकमेव. इथवर पोचायला बरीच वळणं लागली. 2012 च्या विशेष आवृत्तीत नऊ मिनिटांहून मोठी एक जोडफीत आहे, 'फ्रॉम अ ट्विंकलिंग स्टार टु अ पासिंग एंजल'. तीत हेच गाणं वेगवेगळ्या अवतारांत ऐकायला मिळतं, अगदी डिस्कोच्या अंगानेसुद्धा. एकेक थर काढत काढत ते कसे गेले हे तिथे स्पष्ट ऐकू येतं. नवीन संगीतकारांनी ही फीत मुद्दाम ऐकावी. मोह सोडणं कसं असतं हे क्वचितच इतकं उघडं ऐकायला मिळतं.

सीडीवरची जादा गाणी ऐकावीत की नाही?

यावरून चाहत्यांत खरोखर हमरीतुमरी होते. पुढच्या आवृत्त्यांत 'लाइक अन एंजल...' नंतर 'शुड आय लाफ ऑर क्राय', 'द डे बिफोर यू केम', 'कसांड्रा', 'अंडर अटॅक' अशी गाणी जोडली गेली. त्यातलं 'द डे बिफोर यू केम' हे 1982 मधलं अद्भुत गाणं आहे, ॲबाच्या पहिल्या पाचांत सहज बसेल. तरी माझं मत ठाम आहे: अल्बम टिकटिकीवर संपतो, तिथे थांबा. जादा गाणी दुसऱ्या दिवशी ऐका. ती वाईट आहेत म्हणून नव्हे. अल्बमच्या कर्त्यांनी निवडलेला शेवट एवढा विचारपूर्वक असेल तर त्याला एक रात्र द्यायला हरकत नाही.

मुखपृष्ठावर चौघे एकमेकांपासून दूर का उभे आहेत?

छायाचित्र लार्स लार्सनचं, मांडणी रूने सॉडरक्विस्टची. जागा म्हणजे स्टॉकहोमच्या स्कान्सेन या खुल्या संग्रहालयातला चित्रकार यूलियस क्रोनबेर्गचा जुना स्टुडिओ. मागे देवदूतासारख्या पंखवाल्या इरॉसचं भलंमोठं चित्र, खोलीत तांबूस अंधार, आणि चौघे चार दिशांना. जागा गरम करायची सोय नव्हती, त्यामुळे सगळे कुडकुडत होते. चेहऱ्यांवरचा ताण थोडा थंडीचाही आहे, हे लक्षात ठेवून पाहावं.

ॲबाने हा निरोप म्हणून केला होता का?

नाही. ॲबाने तेव्हा बँड मोडल्याचं कधी जाहीरच केलं नाही. 1982 मध्ये ते पुन्हा स्टुडिओत गेले, नवी गाणी केली, डिसेंबरमध्ये ब्रिटिश टीव्हीवर दिसले आणि मग आपापल्या कामाला लागले. फ्रिडाने फिल कॉलिन्ससोबत स्वतःचा अल्बम काढलाच होता. निरोपाची छटा आपण मागाहून चढवली.

'सुपर ट्रूपर'पेक्षा चांगला आहे का?

गाण्यागणिक सरासरी काढली तर 'सुपर ट्रूपर' जिंकेल. त्यात पडेल गाणं शोधावं लागतं. पण त्यातलं एखादं गाणं मागे-पुढे केलं तरी फार बिघडत नाही. 'द व्हिजिटर्स' सलग ऐकण्यासाठी आहे, एक खड्डा धरून. मला दुसरा जवळचा.

अलीकडे मत बदललंय का?

बदललंय, आणि त्यात ॲबाचा स्वतःचा हात आहे. मे 2022 मध्ये लंडनला 'ॲबा व्हॉयेज' हा चौघांच्या डिजिटल प्रतिकृतींचा कार्यक्रम सुरू झाला तेव्हा पहिलं गाणं कुठलं निवडलं? 'द व्हिजिटर्स'. 'वॉटर्लू' नाही, 'मामा मिया' नाही. केवळ 'गोल्ड' ऐकून आलेले हजारो प्रेक्षक रोज त्या अंधाऱ्या सुराने कार्यक्रमात शिरू लागले. जुन्या चाहत्यांना याचा केवढा आनंद झाला असेल ते सांगायला नको.

मराठी श्रोत्याने हे कुठून सुरू करावं?

आपल्यापैकी बहुतेकांच्या कानावर ॲबा नकळत आधीच पडलेली असते. 1977 च्या 'हम किसीसे कम नहीं'मधलं आर. डी. बर्मन यांचं 'मिल गया हमको साथी' ऐका आणि लगेच 'मामा मिया' लावा, म्हणजे कळेल. पण ती ॲबा डोक्यात ठेवून हा अल्बम लावला तर निराशा होईल.

म्हणून क्रमाने नको. आधी 'वन ऑफ अस' लावा, त्यातल्या मँडोलिनवर कान स्थिरावू द्या. मग 'व्हेन ऑल इज सेड अँड डन', मग 'स्लिपिंग थ्रू माय फिंगर्स'. हे तिन्ही आवडले तर एखाद्या संध्याकाळी हेडफोन लावून पहिल्यापासून नऊही गाणी एका दमात ऐका. 'टू फॉर द प्राइस ऑफ वन' सुद्धा, निदान पहिल्या वेळी. त्यानंतर डिक कॅव्हेटच्या कार्यक्रमातलं 'स्लिपिंग थ्रू माय फिंगर्स' शोधून पाहा. तेव्हा अल्बम यायला सात महिने होते आणि समोरच्या प्रेक्षकांनी ते गाणं आधी कधीच ऐकलेलं नव्हतं.